गिझर लावला की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) पडते आणि डीबीतून (खटक्यांच्या पेटीतून) चरचर आवाज येतो, १६ अँपियरची काढून ३२ ची टाकली तर चालेल का?

नाही, चालणार नाही. पूर्ण उत्तर वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा, आज गिझर लावू नका, त्याची एमसीबी खाली करून ठेवा, आणि ३२ ची तर बसवूच देऊ नका.

तुमच्या प्रश्नावरून मला जे समजलं ते असं. जुन्या बिल्डिंगमधला भाड्याचा वन बीएचके, १५ लिटरचा २००० वॅटचा गिझर, चालू केला की दहा-पंधरा मिनिटांनी १६ ची एमसीबी पडते, थोड्या वेळाने वर केली की परत उभी राहते, आणि हल्ली डीबीतून चरचर आवाज येतो, एकदा झाकणाच्या फटीतून ठिणगीपण दिसली. घरमालकांनी पाठवलेला माणूस म्हणतो एमसीबी लहान पडतेय, ३२ ची टाकली की कटकट मिटली. मी आयटीआय करून घरगुती वायरिंगचीच कामं करतो, रोजचंच आहे हे माझं, म्हणून स्पष्ट बोलतो. कटकट मिटेल हे खरंय, एमसीबी पडणार नाही, पण बिघाड तिथेच राहील आणि तो कळवणारी एकच गोष्ट होती तीपण गप्प होईल.

आधी साधा हिशोब करा. २००० वॅटला २३० व्होल्टने भागलं की ८.७ अँपियर येतात, म्हणजे तुमचा गिझर १६ च्या एमसीबीची जेमतेम निम्मी ताकद वापरतोय. मग ती लहान कशी पडेल? त्याच एमसीबीवर अजून काही असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या घरात बाथरूमचा आणि किचनचा पॉवर प्लग बऱ्याचदा एकाच वायरवर असतो, म्हणजे इकडे गिझर, तिकडे २००० वॅटचं इंडक्शन आणि हॉलमधली इस्त्रीपण त्यातच, मग बावीस अँपियरच्या आसपास जातं आणि कधीतरी पडणारच. तेव्हा हे आधी बघून घ्या, गिझरची एमसीबी खाली असताना घरातलं अजून काय काय बंद पडतं ते. फक्त गिझरच बंद होत असेल आणि तो एकटाच चालू असताना एमसीबी पडत असेल तर लोड हे कारणच नाहीये.

आता एमसीबी पडते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावरूनच तुमचा रोग कळतो. आत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक कॉइल, शॉर्ट झाला की ती क्षणात ओढते, वर केल्या केल्या खाडकन खाली येते ती हिच्यामुळे. दुसरी दोन धातूंची पट्टी, ती तापली की वाकते आणि खटका सोडते, हिला वेळ लागतो. तुमची दहा-पंधरा मिनिटांनी पडते म्हणजे पट्टी तापतेय. आणि ती पट्टी काय फक्त आतल्या करंटनेच तापते असं नाही, एमसीबीच्या स्क्रूपाशी वायर ढिली असेल तर तिथली उष्णता त्याच पितळी भागातून आत जाते आणि पट्टीला वाटतं लोड जास्त झाला. म्हणून चरचर आणि पडणं हे तुमचे दोन प्रॉब्लेम नाहीयेत, बहुतेक एकच आहे, ढिला जॉइंट. (एमसीबी म्हातारी होऊनही अशी लवकर पडायला लागते, पण मग चरचर नसते.)

ढिला जॉइंट किती तापतो याचा लोकांना अंदाज नसतो. समजा त्या स्क्रूखाली फक्त अर्धा ओहम रेझिस्टन्स आला, तर ८.७ अँपियरला तिथे ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ-मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं साधं सोल्डरिंग गन २५ वॅटचं असतं आणि ते शिसं-कथील वितळवतं. तुमच्या डीबीत तसं एक गन रोज सकाळी पंधरा मिनिटं प्लास्टिकला टेकवून ठेवलेलं आहे असं समजा. आणि यात वाईट भाग असा की ढिल्या जॉइंटमुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो, त्यामुळे एमसीबीला ते दिसतच नाही. तुमच्या नशिबाने उष्णता नेमकी एमसीबीपाशीच आहे म्हणून ती पडतेय. हाच ढिलेपणा न्यूट्रल लिंकवर (डीबीतली सगळ्या न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) किंवा गिझरच्या प्लगमागे असता तर काहीच न पडता निवांत जळत राहिलं असतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, पडणाऱ्या एमसीबीला एवढं घाबरू नका, ती तिचं काम करतेय, चरचर करूनही जी पडत नाही तिला घाबरा.

मध्ये एका जुन्या वाड्यातल्या घरात गेलो होतो, तक्रार हीच. झाकण काढलं तर १६ च्या एमसीबीचा खालचा कोपरा फुगून तपकिरी झालेला, लाल वायरचं इन्सुलेशन बोटभर लांब काळं आणि कडक, हात लावला की तुकडे पडत होते. वायर बाहेर काढली तर ती क्लॅम्पच्या आत नव्हतीच. एमसीबीच्या टर्मिनलला एक छोटी चौकट असते, स्क्रू फिरवला की ती वर येते आणि वायर दाबते, घाईत वायर त्या चौकटीच्या आत न जाता मागे जाते, स्क्रू टाइट लागतो, ओढून बघितली तर घट्टही वाटते, पण तांब्याला धड दाब नसतो. त्यात अजून म्हणजे वायर जाड वाटली म्हणून कुणीतरी निम्मे तार कापून टाकले होते! अशा ठिकाणी ३२ ची टाकली असती तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

आता ३२ चं गणित. एमसीबीवर १६ लिहिलंय म्हणजे १६.१ ला पडते असं नसतं. प्रमाणकात असं आहे की लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पटीला एक तास तरी ती पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलीच पाहिजे. म्हणजे १६ ची १८ अँपियरला तासभर उभी राहते आणि २३ ला तासाच्या आत पडते. तेच ३२ चं केलं तर ३६ अँपियर ती आरामात सोडते आणि ४६ अँपियरलासुद्धा तास घेऊ शकते. भिंतीतली तुमची वायर असेल अडीच स्क्वेअर एमएमची, नशीब चांगलं असेल तर, ती पाइपमध्ये साधारण वीसच्या आसपास अँपियरपर्यंतच ठीक. मग आधी काय जळणार, एमसीबी पडणार की भिंतीतली वायर? एमसीबी गिझरच्या संरक्षणासाठी नसते हो, ती भिंतीतल्या वायरसाठी असते, आणि तिचा आकडा वायर बघून ठरतो. दीडच्या वायरला ६ किंवा १०, अडीचला १६, चारला २० नाहीतर २५, साधारण असं धरून चाला. पूर्वी किटकॅट फ्यूज सारखा उडतो म्हणून लोक त्यात वायरचे चार-पाच तार पिळून घालायचे, ३२ ची टाकतो म्हणणं म्हणजे तोच प्रकार, फक्त दिसायला नवीन.

तुम्ही स्वतः काय करायचं ते आता. परत चरचर ऐकू आली तर आधी बाथरूमचं गिझरचं बटण बंद करा, म्हणजे करंट थांबतो आणि डीबीतला खटका पाडताना त्यावर गिझरचा लोड नसतो, नंतर मेन स्विच पाडा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, एकच हात वापरा आणि तोंड थोडं बाजूला ठेवा. धूर किंवा जाळ दिसत असेल तर मात्र बटणाच्या मागे लागू नका, मेनपर्यंत सुखरूप हात जात असेल तर सरळ मेन पाडा, नसेल जात किंवा मेन स्वतःच चरचरत असेल तर घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि १०१ ला फोन करा. पाणी अजिबात मारायचं नाही. बिल्डिंगच्या जिन्यात लाल सिलिंडर असतो तो सीओटू किंवा एबीसी पावडरचा असेल तरच वापरा. मीटरपाशी किंवा मीटरच्या आधीच्या वायरला ठिणगी असेल तर ते तुमचं कामच नाही, वायरमनचंही नाही, सील असतं तिथे, १९१२ ला तक्रार करा.

एमसीबी पडली की वर करायचीही एक पद्धत आहे. आधी सगळी बटणं बंद, प्लग काढून ठेवायचे, पाच मिनिटं थंड होऊ द्यायची, खटका पूर्ण खाली दाबून मग वर. लगेच पडली तर परत प्रयत्न करायचा नाही, शॉर्ट आहे, प्रत्येक वेळी वर करताना तुम्ही त्या शॉर्टला नव्याने करंट देताय. उभी राहिली तर एकेक वस्तू लावत जा, ज्याला पडते तो चोर. काही लोक खटका बोटाने धरून ठेवतात किंवा त्याला चिकटपट्टी लावतात, त्याचा उपयोगही नसतो, आतला खटका सुटायचा तो सुटतोच.

डीबीचं झाकण स्वतः उघडू नका. मेन खाली असला तरी मेनच्या वरच्या बाजूला मीटरकडून आलेली वायर जिवंतच असते, आणि तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही लाइट-पंख्याच्या सर्किटमध्ये करंट असतो, इन्व्हर्टरचं बटण वेगळं बंद करावं लागतं. हे मी भल्याभल्यांना विसरताना बघितलंय. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही असंही धरू नका, टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून तो जिवंत आहे का ते बघायचं असतं.

परवानाधारक वायरमन बोलवा आणि तो आला की शेजारी उभे राहा, त्याला राग येऊ दे. जळकी एमसीबी स्क्रू टाइट करून परत वापरायची नाही, बदलायची, १६ चीच, आयएसआय मार्क असलेली, दोन-तीनशे रुपयांची गोष्ट आहे. वायरचा जळका भाग पूर्ण कापून चकचकीत तांबं निघेपर्यंत सोलायचं, सगळे तार क्लॅम्पच्या आत, प्लास्टिक स्क्रूखाली दाबलेलं नको, एका स्क्रूखाली एक जाड एक बारीक असंही नको. त्याच वायरचा न्यूट्रल लिंकवरचा स्क्रू आणि गिझरच्या सॉकेटची प्लेट उघडून मागचे जॉइंट बघायला सांगा, कारण हा आजार सहसा एका ठिकाणी नसतो. गिझर १६ अँपियरच्या पॉइंटवरच हवा, ६ च्या पॉइंटला कन्व्हर्जन प्लग लावून चालवत असाल तर तो आधी फेका. वायर ॲल्युमिनियमची निघाली, जुन्या इमारतीत निघते, तर नुसतं टाइट करून भागत नाही, ती स्क्रूखाली हळूहळू दबत जाते आणि परत ढिली होते, तेवढी लाइन तांब्याची ओढून घ्या. सगळं झालं की गिझर चालू करून क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून मोजायचं मीटर) करंट मोजायला लावा, पावणेनऊच्या आसपास आला की गिझरवर एवढाच लोड आहे याची खात्री झाली. आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायला सांगा त्याला, कारण १५ लिटर पाणी तापायला तेवढा वेळ लागतोच आणि तुमची एमसीबी नेमकी त्याच सुमारास पडते.

अजून एक, डीबीत 'टी' लिहिलेलं छोटं बटण असलेला रुंद खटका आहे का बघा. तो आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळाला की पडणारा खटका, घरात सहसा ३० मिलिअँपियरचा. तो पडत असेल तर कहाणी वेगळी, बहुतेक गिझरचं एलिमेंट फुटून करंट पाण्यात उतरतोय, बोअरच्या पाण्यावर एलिमेंट लवकर जातात, किंवा पावसाळ्यात गॅलरीच्या दिव्यात नाहीतर बेलच्या बटणात पाणी गेलंय. तो पडतो म्हणून बायपास करून देणाऱ्याला घरात घेऊ नका, शॉकपासून माणसाला वाचवायला तोच असतो, एमसीबी नाही. नसेल तर बसवून घ्या, आणि असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी ते 'टी' बटण दाबून बघा, दाबल्यावर पडला नाही तर तो मेलेला आहे.

राहिला घरमालकांचा विषय. काढलेली जळकी एमसीबी आणि वायरचा काळा तुकडा वायरमनकडून मागून घ्या, फेकायला देऊ नका, फोटो काढून घरमालकांना पाठवा आणि खर्च भाड्यातून वळता करायचं बोला. लाइन नवीन ओढायची वेळ आली तर तो खर्च तुमचा नाही, त्यांचाच आहे.