अमेरिकेत सामान्य माणसाला लष्करी धाटणीची रायफल का मिळते? बंदी का येत नाही?

तुम्ही ‘अमेरिकेत’ म्हणता, पण कायदा राज्यागणिक बदलतो. मी न्यू जर्सीत राहतो. इथे १९९० पासून असल्या रायफलींवर राज्याची बंदी आहे. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की तीच रायफल दुकानात मांडलेली दिसते.

आधी एक गैरसमज दूर करतो. असल्या रायफलींमधली सगळ्यांना माहीत असलेली ती एआर-१५. तिच्यातलं ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे, ते आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून आलंय. सैन्याची एम-१६ याच रायफलीपासून झाली. एम-१६ चा चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. दुकानातल्या एआर-१५ मध्ये एका दाबाला एकच गोळी. चाप धरून ठेवायच्या नव्या बंदुका सामान्यांना विकणं १९८६ पासून बंद आहे. बंदूकधारक हा फरक सांगतात तेव्हा ते बरोबरच असतात.

तरीही मला या रायफलीची भीती वाटते, आणि ती मी एकदा हातात घेतल्यापासून जास्त वाटते. पेनसिल्व्हेनियातला एक सहकारी मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला होता. (व्हिसावर असताना बंदूक बाळगायला सहसा मनाई असते, मी ग्रीन कार्ड आल्यावर गेलो.) वाटलं होतं, खांदा निखळेल. रायफल जेमतेम तीन किलोची, धक्का अगदी हलका, नेम जागचा हलेना. ३० गोळ्यांचं मॅगझिन (बंदुकीला खालून लावायची गोळ्यांची पेटी) कधी संपलं कळलंच नाही. त्याने बटण दाबलं, रिकामं मॅगझिन खाली पडलं, दुसरं खटकन बसलं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. इथल्या शाळांना दर महिन्याला सुरक्षेची कवायत घ्यावीच लागते. शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं, ते आदल्या आठवड्यात तिने मला स्वयंपाकघरात करून दाखवलं होतं: दिवा बंद, भिंतीला पाठ, गुडघे पोटाशी, तोंडातून चकार शब्द नाही. ते खटकन ऐकलं आणि मला तीच आठवली.

देशभर बंदी एकदा आली होती, १९९४ मध्ये, दहा वर्षांसाठी. पण तिने रायफल ओळखली दिसण्यावरून. संगीन अडकवायची सोय, दुमडणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, यांपैकी दोन गोष्टी असल्या की बंदी. कंपन्यांनी संगिनीची खुंटी काढली आणि जवळपास तीच रायफल विकली. २००४ मध्ये मुदत संपली, अमेरिकेच्या संसदेने (तिथल्या काँग्रेसने) ती वाढवली नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला, तेव्हापासून बंदीची वाट आणखी अरुंद झाली.

त्या कायद्यातली एक गोष्ट मात्र माझ्या मते खरी कामाची होती: १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवर बंदी. २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला गोळीबार झाला, तेव्हा हल्लेखोराकडे साधं पिस्तूल होतं, पण मॅगझिन ३३ गोळ्यांचं. सहा जण गेले, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी. तो मॅगझिन बदलायला लागला तेव्हा लोकांनी त्याला लोळवलं. ही फट दहाव्या गोळीनंतर मिळाली असती तर?

दुसरी गोष्ट वयाची. केंद्रीय कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानदार २१ च्या आतल्याला पिस्तूल विकू शकत नाही, रायफल मात्र १८ व्या वर्षीच विकू शकतो. टेक्ससच्या युव्हाल्डेत शाळेवर हल्ला करणाऱ्याने १८ पूर्ण होताच रायफलीची कायदेशीर खरेदी केली. २४ मे २०२२ ला त्याने १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या.

माझा सहकारी म्हणतो, बहुतेक खून पिस्तुलाने होतात, मग माझ्या रायफलीच्या मागे का लागता? आकडे त्याच्या बाजूने आहेत, म्हणूनच मी मॅगझिन आणि वयाबद्दल बोलतो. वयाचं त्याला पटतं. मॅगझिनचं नाही. “आज दहा म्हणाल, उद्या पाच म्हणाल, परवा बंदूकच मागाल,” असं तो म्हणाला, आणि आमचं बोलणं दर वेळी तिथेच अडतं.