पद्मिनी रोज चालवायची असेल तर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण पुढच्या महिन्यात तू गाडी 'पूर्ण खोलायला' देणार आहेस. तेवढं करू नकोस. आजोबांची 1974 ची प्रीमियर पद्मिनी आज स्वतःच्या चाकांवर फाटकापर्यंत येते ना? मग काम चालू असतानाही ती येतच राहिली पाहिजे. मी एक फियाट अशीच खोलली होती. दरवाजे एकीकडे, इंजिन दुसऱ्या गॅरेजात, काचांच्या पट्ट्या माळ्यावर. पैसे संपले, पावसाळा लागला, आणि चार वर्षांनी ताडपत्रीखालून निघाली ती थेट भंगारात गेली. अजून जिवाला लागतं. म्हणून एका वेळी एकच काम काढ, ते संपव, आठवडाभर गाडी चालव, मग पुढचं.

तुझ्या यादीत आधी अलॉयची चाकं, मग मारुती एस्टीमचं इंजिन, मग मेटॅलिक रंग, आणि ब्रेक सगळ्यात शेवटी. पुण्यात कोथरूडहून मगरपट्ट्याला रोज जायचंय म्हणतेस. जुलैतली संध्याकाळ, धो धो पाऊस, दिवे आणि वायपर चालू, पुढे गाड्यांची रांग. ती वेळ डोळ्यांसमोर आण आणि यादी नव्याने लिही.

सुरुवात पत्र्यापासून. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. तळाचा पत्रा आणि दरवाज्याखालच्या पेट्या हीच तिची हाडं. मॅटिंग उचल आणि जाड पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक, धप्प आवाज आला तर आत पुट्टी भरलेली आहे. जॅक लावतात ती जागा आणि मागचे स्प्रिंगचे पाटे जिथे अडकवलेले असतात तो भाग पेचकसाच्या टोकाने दाबून बघ. टिनकामवाला सडक्या पत्र्यावर नवा तुकडा चिकटवून द्यायला बघेल. त्याला सांग, सडलेलं कापा आणि मग वेल्डिंग करा. हे झाल्याशिवाय रंगाचं नाव काढू नकोस.

मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत आणि शहराच्या वेगाला ते पुरतात, पण पेडलचा दाब पुढे पोचवणारा मास्टर सिलेंडर, चारही चाकांचे व्हील सिलेंडर, रबरी नळ्या आणि ब्रेकचे लायनर एकदमच नवे टाकायचे. अर्धे जुने ठेवलेस तर पुढची गळती त्यांतूनच होईल. पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होतात आणि गाडी थांबत नाही. अशा वेळी हळू चालवत पेडल हलकं दाबून धरायचं, ते वाळतात. याची सवय मोकळ्या रस्त्यावर आधी कर. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस वेळेवर दे. सीटबेल्ट बसवताना मागून जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करून घे, नुसत्या तळाच्या पत्र्याला बोल्ट मारलेला बेल्ट धक्क्याला उपटून येतो.

वायरिंगवर मी मन लावून खर्च करीन. तुझ्या गाडीत बॅटरी चार्ज करायला जुना डायनॅमो आहे. इंजिन मंद चालत असताना तो जेमतेम चार्ज करतो, म्हणजे सिग्नलला दिवे आणि वायपर बॅटरीवरच चालतात. त्याच्या जागी अल्टरनेटर बसव, तो मंद इंजिनावरही चार्ज करतो. 60 वॉटचे दोन हेडलाइट 12 व्होल्टला 10 अँपिअर ओढतात आणि तो सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून जातो. रिले टाक, म्हणजे स्विचवर तो भार येणार नाही, प्रत्येक लाइनला फ्यूज दे, पन्नास वर्षांची कडक झालेली वायर फेकून दे.

उन्हाळ्यात मुंबईचे टॅक्सीवाले पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे. नळीत पेट्रोलची वाफ झाली की गाडी बंद पडायची. तू रेडिएटरचा कोअर बदल, विजेचा पंखा लाव, पेट्रोलची नळी इंजिनाच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांबून ने. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं आणि चिरतं, तेव्हा नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारेच घे. त्यानंतर कार्बोरेटरचं ट्युनिंग नव्याने कर.

आता एस्टीमचं इंजिन. मोह मला कळतो, 1089 सीसीचं आपलं इंजिन चढावर दमतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार चालत नाही आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबर बघेल. आहे तेच इंजिन नीट बांधून घे. रंग बदललास तर आरसीवर नोंद कर. पन्नास वर्षं झाली म्हणून कुणी 'विंटेज नोंदणी घे' म्हणेल. ती घेतलीस तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही आणि तुझा सगळा बेतच मोडतो. आरसीच्या नूतनीकरणाची तारीख मात्र आजच बघ.

जमवलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा बाजूला ठेव, पत्रा कापल्यावर आत काय निघेल ते आधी कळत नाही. सुटे भाग नाना पेठेत विचार, नाहीतर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात. रबरी वस्तू जुनी कधीच घेऊ नकोस.

येत्या रविवारी सकाळी मी येतो. पेचकस आणि टॉर्च मी आणीन, तू फक्त मॅटिंग सोडवून ठेव. गाडी धुऊ नकोस. गळती कुठून आहे ते मला बघायचंय.

तुझा,
काका