वाचकांचे प्रश्न : हरितलवकाच्या दाराशी

प्रश्न : हरितलवकाला स्वतःचा डीएनए आणि रायबोसोम असतात, असे आम्ही अकरावीला शिकवतो. मग त्याला प्रथिने बाहेरून का आणावी लागतात?
— कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

डीएनए आहे, पण तुटपुंजा. हरितलवकात सुमारे ३,००० प्रकारची प्रथिने काम करतात आणि त्यांपैकी जेमतेम ८० ते १०० प्रथिनांची जनुके त्याच्याकडे उरली आहेत. बाकीची उत्क्रांतीच्या ओघात केंद्रकात गेली. ती प्रथिने पेशीद्रवातल्या रायबोसोमवर तयार होतात आणि मग आत नेली जातात. वर्गात सांगायला रुबिस्को (हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर) हे सर्वांत चांगले उदाहरण. त्याचे ८ मोठे घटक हरितलवकातच बनतात, ८ लहान घटक बाहेरून येतात आणि आत जोडणी होते.

बाहेरून येणाऱ्या प्रथिनाच्या पुढच्या टोकाला साधारण २० ते १०० अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो, ट्रान्झिट पेप्टाइड. बाहेरच्या आवरणातली टॉक-१५९ आणि टॉक-३४ ही प्रथिने तो ओळखतात. टॉक-७५ च्या नळीतून साखळी सरकते, पुढे आतल्या आवरणातला टिक हा प्रथिनांचा संच तिला स्ट्रोमात, म्हणजे हरितलवकाच्या आतल्या द्रवात घेतो. तिथे एक विकर जादा तुकडा छाटून टाकते. नावांतले आकडे म्हणजे त्या प्रथिनांची किलोडाल्टनमधली वजने, हे सांगितले की मुलांच्या लक्षात राहते. एक गोष्ट मात्र जपून सांगावी : हा तुकडा सगळ्या प्रथिनांत सारखा नसतो. त्यात सेरीन आणि थ्रिओनीन भरपूर, आम्लधर्मी अमिनो आम्ले अगदी कमी, एवढेच साम्य. ‘ठरावीक पत्ता’ असे शिकवले तर पुढे विद्यार्थी क्रमवारीत तो शोधत बसतात आणि सापडत नाही म्हणून गोंधळतात.

प्रश्न : वाटाण्याच्या हरितलवकांत रुबिस्कोच्या लहान घटकाचे पूर्वरूप आत जाते का, हे आम्ही तपासतो. प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर २० किलोडाल्टनची पट्टी ठळक येते, १४ ची जवळजवळ नाहीच. मार्च संपल्यापासून हा त्रास आहे. चूक कुठे?
— एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी, नागपूर

२० ची पट्टी म्हणजे न छाटलेले पूर्वरूप, १४ म्हणजे आत जाऊन छाटलेले. तुमचे प्रथिन दारापर्यंत पोचते, तिथे चिकटते आणि अडकते. चिकटायला आणि नळीत शिरायला थोडे जीटीपी आणि १०० मायक्रोमोलरच्या आतले एटीपी (दोन्ही ऊर्जा पुरवणारे रेणू) पुरते. पूर्ण आत ओढायला मात्र १ मिलिमोलरहून जास्त एटीपी लागते. म्हणून पहिला संशय एटीपीवर. साठ्याचे द्रावण सामू ७ ला आणले होते का? तसेच सोडलेले एटीपीचे द्रावण आम्लधर्मी असते आणि बफरचा सामू खाली ओढते. छोट्या कुप्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवा, एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नका. मिश्रणात ३ ते ५ मिलिमोलर एटीपी आणि तेवढेच मॅग्नेशियम घाला.

दुसरा संशय उन्हाळ्यावर, आणि आम्हाला तोच जास्त खरा वाटतो. कृतीत ‘खोलीचे तापमान’ लिहिलेले असते तेव्हा २५ अंश अभिप्रेत असतात. एप्रिल-मेमध्ये नागपुरात कूलर लावलेल्या खोलीतले टेबलही तितके थंड नसते. प्रयोगाची नळी पाण्याच्या टबात ठेवा, टबात थर्मामीटर ठेवा, बर्फाचे तुकडे टाकून २५ अंश राखा. रोपेही २० ते २२ अंशांच्या वाढकक्षात ८ ते १० दिवसांचीच हवीत, गच्चीवरच्या उन्हात वाढलेली नकोत. पाने सकाळी दिवे लागण्यापूर्वी तोडा. दिवसभर उजेडात राहिलेल्या पानांत स्टार्चचे कण साठतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तेच कण आतून आवरण फाडतात.

रोटर, ब्लेंडरचे भांडे आणि बफर (३३० मिलिमोलर सॉर्बिटॉल, सामू ८ च्या आसपास) आदल्या रात्रीच शीतखोलीत ठेवा. दळण दोन-तीन सेकंदांच्या तीन-चार झटक्यांत उरका. पर्कॉलचे (घनतेनुसार कण वेगळे करणारे द्रावण) ४० आणि ८० टक्क्यांचे थर लावले की फुटलेली हरितलवके वर राहतात आणि अखंड हरितलवके दोन थरांच्या मध्ये हिरव्या पट्ट्यासारखी जमतात. तीच घ्या, तीही टोक कापलेल्या पिपेटने. फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली अखंड हरितलवक चकाकते, भोवती तेजस्वी कडा दिसते. फुटलेले काळपट आणि दाणेदार दिसते. निम्मी दाणेदार दिसली तर पुढचा प्रयोग करूच नका.

आणि १४ ची पट्टी उमटली तरी एवढ्यावर समाधान मानू नका. हरितलवके फुटली की छाटणारे विकर बाहेर सांडते आणि तिथेच पूर्वरूप कापते. म्हणून मिश्रणाच्या एका भागावर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम थर्मोलायसिन (प्रथिने कापणारे विकर), १ मिलिमोलर कॅल्शियमसह, बर्फावर ३० मिनिटे ठेवा आणि ईडीटीएने (कॅल्शियम धरून ठेवणारे रसायन) थांबवा. थर्मोलायसिन बाहेरचे आवरण ओलांडत नाही, त्यामुळे बाहेर चिकटलेली २० ची पट्टी जाते आणि खरोखर आत गेलेली १४ ची उरते. इथे ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे दुसरे विकर वापरू नका, ते बाहेरच्या आवरणातून आत शिरते. तिसऱ्या नळीत थर्मोलायसिनसोबत १ टक्का ट्रायटन (आवरण विरघळवणारे साबणासारखे रसायन) घाला. आवरण विरघळले की १४ ची पट्टीही जायला हवी. ती राहिली तर तुमचे घडी पडलेले प्रथिनच थर्मोलायसिनला दाद देत नाही. मग ‘आत गेले’ हा निष्कर्ष या चाचणीवरून काढता येणार नाही.

प्रश्न : बीजी-२ कापसातले एक प्रथिन पानाच्या हिरव्या भागात साठवलेले असते म्हणतात. त्यामुळेच बोंडअळी वाचते का?
— कापूस उत्पादक, काटोल

पहिली गोष्ट खरी आहे. बीजी-२ या जनुक बदललेल्या बीटी कापसात क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी अशी अळीला विषारी दोन प्रथिने असतात. क्राय-२-एबीच्या जनुकापुढे अराबिडॉप्सिस नावाच्या लहान झाडाचे ट्रान्झिट पेप्टाइड जोडलेले आहे, म्हणून ते हरितलवकात जाते. पण अळी चावते तेव्हा हरितलवकासकट सगळेच तिच्या पोटात जाते. दडून राहण्याचा प्रश्नच येत नाही.

गुलाबी बोंडअळी तगते त्याचे कारण तिच्या स्वतःच्या आतड्यात आहे. क्राय-२-एबीला दाद न देणाऱ्या अळ्यांत एबीसीए-२ या जनुकात बिघाड सापडला आहे, त्यामुळे विष आपले काम करू शकत नाही. तेव्हा बियाण्याच्या भरवशावर राहू नका. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) दिसताच तोडून नष्ट करा आणि फरदड (त्याच झाडांचे वाढवलेले पुढचे पीक) न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करा.