करार वाचताना : नव्या कमिटी सदस्यास पत्र

परळ, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. कामगारांनी तुला पहिल्यांदाच संघटनेच्या कमिटीवर निवडून दिले आणि पहिल्याच वर्षी वेतन कराराची बोलणी तुझ्या वाट्याला आली, त्याचे दडपण येणे साहजिक आहे. व्यवस्थापनाने देऊ केलेली दरमहा ९,००० रुपयांची वाढ चांगली म्हणावी का, असे तू विचारले आहेस. मला आज त्याचे उत्तर देता येत नाही, कारण हे ९,००० रुपये पगारपत्रकाच्या कोणत्या रकान्यांत जाणार आहेत, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. गेट मीटिंगमध्ये एकच आकडा सांगितला जातो आणि टाळ्याही त्यालाच पडतात. त्या आकड्याची फोड मात्र कराराच्या शेवटच्या जोडपत्रात असते, आणि तिथपर्यंत फारसे कोणी वाचत नाही.

माझीच चूक सांगतो. मी कमिटीवर असताना आमच्या एका करारात वाढीचा मोठा भाग ‘विशेष भत्ता’ या नावाने घेण्यास आम्ही मान्यता दिली. हातात पडणारी रक्कम तीच, मग नाव काही का असेना, असा आमचा विचार होता. काही वर्षांनी निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याने ग्रॅच्युइटीचा कागद माझ्यापुढे ठेवून, हा भत्ता यात का धरला नाही, असे शांतपणे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. ग्रॅच्युइटी काढताना शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज २६ने भागतात, १५ने गुणतात आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणतात; इतर भत्ते त्या बेरजेत तेव्हा येत नसत, आणि घरभाडे, प्रवास असे कायद्याने वगळलेले भत्ते आजही येत नाहीत. तुमच्या ९,००० रुपयांपैकी ३,००० मूळ पगारात आणि ६,००० अशा वगळलेल्या भत्त्यांत गेले, तर २४ वर्षे सेवा झालेल्या कामगाराची ग्रॅच्युइटी, सर्व रक्कम मूळ पगारात घातली असती त्यापेक्षा, सुमारे ८३ हजार रुपयांनी कमी होईल. तुमची कंपनी कायद्यातल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर न थांबता पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के भविष्य निर्वाह निधी भरत असेल, तर मालकाच्या वाट्याचे दरमहा ७२० रुपयेही गेले. रजेच्या रोखीकरणाचा दरही बहुतेक करारांत मूळ पगाराशीच बांधलेला असतो, तो तुमच्या करारात कसा आहे ते पाहा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने या खेळाला काहीसा लगाम घातला आहे, कारण वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरावी लागते. पण ही कायद्याची किमान रेघ आहे. त्या रेघेच्या आत भत्ते किती आणि मूळ पगार किती, हे अजूनही टेबलावरच ठरते.

आता महागाई भत्त्याकडे वळतो, कारण कराराच्या मुदतीत, म्हणजे तीन-चार वर्षे, कामगाराचा खरा पगार टिकतो तो याच कलमामुळे. हा भत्ता औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असेल, तर तीन गोष्टी अक्षरांत लिहिलेल्या असल्या पाहिजेत : निर्देशांक मुंबई केंद्राचा की अखिल भारतीय, त्याचे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती १०० धरतात ते) कोणते, आणि आधारवर्ष बदलल्यास जुना व नवा अंक कसा जोडायचा. हा निर्देशांक काढणाऱ्या केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोने सप्टेंबर २०२० पासून आधारवर्ष २००१ ऐवजी २०१६ केले आणि अखिल भारतीय अंकासाठी २.८८ हा जोडगुणक दिला, म्हणजे नव्या मालिकेतील एक अंक जुन्या मालिकेतील २.८८ अंकांएवढा झाला. समज, तुमच्या जुन्या कलमात प्रत्येक अंकामागे ३ रुपये आहेत आणि नव्या मालिकेत निर्देशांक ५ अंकांनी वाढला. गुणक लावला तर ४३ रुपये २० पैसे मिळतात, न लावला तर १५ रुपये. कलमात त्या गुणकाचा उल्लेखच नसेल तर भांडण कुठे जाऊन पोहोचेल, हे तुला सांगायला नको. ‘महागाई भत्ता प्रचलित पद्धतीने’ एवढेच लिहिलेला मसुदा तुझ्यासमोर आला, तर पेन खाली ठेव.

अंकामागे ठरावीक रुपये की पगाराच्या टक्क्यांत भत्ता, यावरून कमिटीत जुने आणि नवे कामगार एकमेकांसमोर उभे राहतील. ठरावीक रकमेत कमी पगाराच्या मुलांचा फायदा, टक्क्यांत जुन्यांचा. मी स्वतः नेहमी पहिल्या बाजूला राहिलो आणि त्यासाठी माझ्याच वयाच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

तुमच्या मागणीपत्रातील आकडा कुठून आला, हे व्यवस्थापन विचारणारच. शेजारच्या कंपनीत इतके मिळाले, हे उत्तर पुरेसे नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाची कसोटी घालून दिली आहे : कुटुंबातील तीन उपभोग घटक (म्हणजे चार जणांचे खाणे तीन प्रौढांएवढे धरून), प्रत्येकी रोज २,७०० उष्मांकांचे (कॅलरींचे) अन्न, चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाचे २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण अशा गोष्टींसाठी त्यात आणखी २५ टक्के धरायला सांगितले. हे गणित आजच्या बाजारभावाने एकदा स्वतः मांडून पाहा. घरभाड्याच्या ओळीवर तू अडशील, कारण मुंबईतला कामगार भाडे परवडावे म्हणून बदलापूर किंवा नालासोपाऱ्याला जातो आणि वाचलेल्या पैशांची किंमत रोज तीन-चार तास लोकलमध्ये उभे राहून मोजतो. त्या तासांसाठी कोणत्याही कसोटीत रकाना नाही.

एक फटका सहसा करार झाल्यावरच लक्षात येतो. कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. तुमच्यातले जे तरुण कामगार आज तिच्या खाली आहेत, ते नव्या पगाराने वर गेले की चालू अंशदान (वर्गणी) कालावधी संपताच योजनेबाहेर पडतील, आणि मुलुंड किंवा कांदिवलीच्या रुग्णालयात त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांवर होणारे उपचारही, त्या वर्गणीवरचा लाभ कालावधी संपला की, थांबतील. म्हणून आई-वडिलांसह मेडिक्लेम ही मागणी पगारवाढीच्या शेजारीच ठेवावी. ती ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला पडली, तर पुढची तीन वर्षे ती कोणी पाहत नाही.

वाढ कोणत्या तारखेपासून, हेही तितकेच महत्त्वाचे. बँक कर्मचाऱ्यांचा बारावा द्विपक्षीय करार इथेच मुख्यालय असलेल्या इंडियन बँक्स असोसिएशन या बँकांच्या संघटनेशी ८ मार्च २०२४ रोजी झाला, पण १७ टक्क्यांची वाढ १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाली, म्हणून सोळा महिन्यांची थकबाकी मिळाली. तुमचा मागचा करार संपून आठ महिने झाले आहेत. व्यवस्थापन ‘सही झाल्यापासून’ म्हणाले, तर ९,००० च्या हिशेबाने माणशी ७२,००० रुपये सोडून दिल्यासारखे होतील. शिवाय मुदत संपली म्हणून जुना करार आपोआप संपत नाही, तो लेखी नोटीस देऊन रीतसर संपवावा लागतो. ती नोटीस दिली आहे का, ते आधी फाइलमध्ये शोध.

सही कुठे होते, यालाही अर्थ आहे. दोन्ही पक्षांनी आपापसांत केलेला करार फक्त त्यांच्यावर बंधनकारक असतो; सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार, ज्याला आपण जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम १२(३) वरून ‘बारा-तीन’चा करार म्हणत आलो, तो संघटनेबाहेरच्या आणि नंतर लागणाऱ्या कामगारांवरही लागू होतो, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हा भेद राहिला आहे. तुमच्याकडे दोन संघटना आहेत, तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनाची, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची, एक खेप वाचवू नका. सही करण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न या शहराने फार महाग किमतीला शिकला आहे : १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढ आणि बोनसबरोबरच, एकाच प्रातिनिधिक संघटनेला बोलण्याचा हक्क देणारा १९४६ चा कायदा रद्द करा, ही त्यांची मागणी होती.

वाढीच्या बदल्यात तुम्ही काय देता, ते कलम मला अजून पाहायला मिळालेले नाही. उत्पादनाचे नवे प्रमाण, एका माणसाने दोन मशीन चालवणे, निवृत्तांच्या जागा न भरणे, यांपैकी काहीतरी त्यात नक्की असेल. कंत्राटी कामगारांबद्दल मसुद्यात एक ओळही नसेल, तर निदान कॅन्टीन आणि सुरक्षा साधनांपुरती तरी ती घाला.

येत्या रविवारी सकाळी ये. मसुद्याची पूर्ण प्रत, सर्व जोडपत्रांसह, आण. शिवाय तीन पे-स्लिप हव्यात : गेल्या वर्षी कायम झालेल्या मुलाची, पंधरा वर्षे झालेल्याची आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची. कॅल्क्युलेटर माझ्याकडे आहे.

तुझा हितचिंतक,
एक निवृत्त सरचिटणीस