ठेका मेहुण्याच्या नावावर, यंत्रे नगरसेवकाच्या वाड्यात: हितसंबंध कसा तपासावा?

प्रश्न : निवडणुकीनंतर आमच्या प्रभागातील सिमेंट रस्ता व गटाराचे काम नगरपरिषदेने ज्या फर्मला दिले, ती आमच्याच नगरसेवकांच्या मेहुण्याच्या नावावर आहे. काँक्रीट मिक्सर आणि ट्रॅक्टर मात्र नगरसेवकांच्या वाड्यात उभे असतात व मजुरांचा पगारही तेच वाटतात. निविदा मंजूर होण्याच्या आधी याच ठेकेदाराने काही नगरसेवकांना महाबळेश्वरला नेऊन आणले, असे गावात बोलले जाते. मी हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिल्यावर अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी आली. नगरसेवकांचे हितसंबंध आणि त्यांना मिळालेल्या भेटी यांची नोंद कुठे पाहता येते? यात त्यांचे पद जाऊ शकते का?

उत्तर : महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 मध्ये नगरसेवकाने स्वीकारलेल्या भेटवस्तूंची किंवा पाहुणचाराची नोंदवही ठेवण्याची तरतूद नाही. शासकीय कर्मचाऱ्यांना 1979 चे नागरी सेवा वर्तणूक नियम लागू असून त्यांत भेटी घेण्यावर बंधने आहेत, परंतु निवडून आलेला नगरसेवक त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. सार्वजनिक पैशाच्या वाटपावर मत देणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ही उणीव राहावी, हे मला अत्यंत चुकीचे वाटते. आज तरी कायदा असा आहे, आणि म्हणून अशा नोंदवहीची प्रत मागणारा अर्ज आपण केलात तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढे उत्तर येऊन आपला महिना वाया जाईल. नगरसेवकांनी स्वतः जाहीर केलेली माहिती आपल्याला मिळेल ती नामनिर्देशनपत्रासोबतच्या शपथपत्रात. त्यात स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता व देणी लिहावी लागतात. त्याची प्रत मिळवून, त्या फर्ममधील भागीदारी, तिला दिलेले कर्ज किंवा ती यंत्रे त्यात कुठे दाखवली आहेत का, हे आधी पाहावे.

पदाच्या प्रश्नाला खरा आधार आहे तो 1965 च्या याच नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 16(1)(i) चा. परिषदेच्या आदेशाने होणाऱ्या कामात किंवा परिषदेशी झालेल्या करारात ज्याचा स्वतःचा अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल, तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. कंत्राट घेणाऱ्या कंपनीचे नुसते भाग (शेअर) बाळगणे किंवा परिषदेची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा असणे, अशा काही बाबी यातून वगळलेल्या आहेत. आपल्या प्रकरणात त्या लागू होतील असे दिसत नाही.

मात्र ‘ठेकेदार मेहुणा आहे’ एवढ्यावर अर्ज उभा राहणार नाही. 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुसत्या नात्यावरून हितसंबंधाचा निष्कर्ष काढता येत नाही, तो आर्थिक किंवा भौतिक स्वरूपाचा असावा लागतो. याउलट 2012 मध्ये गोव्यातील एका पंचायत सदस्येचे पद तिच्या पतीच्या ठेक्यामुळे गेले, कारण गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज दिवाणी संहितेनुसार पतीच्या मिळकतीत पत्नीचा कायद्यानेच वाटा ठरतो. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. येथे ठेक्याचा पैसा नगरसेवकाच्या हाती पोहोचतो, किंवा त्याच्या हातून ठेक्यात जातो, हे आपल्याला कागदाने दाखवावे लागेल.

तो कागद नगरपरिषदेच्या बांधकाम आणि लेखा विभागात असतो. माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा व शक्यतो 150 शब्दांच्या आत ठेवा, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि त्यात कामाचे नाव व कार्यारंभ आदेशाचा क्रमांक देऊन निविदा, तुलनात्मक तक्ता, करारनामा, मोजमाप पुस्तिका, देयके व प्रमाणके (व्हाउचर) मागा. प्रती घेण्यापूर्वी संपूर्ण नस्तीचे (फाईलचे) निरीक्षण मागितलेले अधिक चांगले, कारण उपयोगाचे कागद पुष्कळदा नस्तीच्या मधल्या पानांत असतात. निविदेसोबतची बयाणा रक्कम कोणाच्या खात्यातून भरली गेली, सुरक्षा ठेवीच्या पावतीवर कोणाचे नाव आहे, फर्मतर्फे सह्या करण्याचे अधिकारपत्र कोणाला दिले आहे, देयक कोणत्या खात्यात जमा झाले आणि निविदेत दाखवलेली यंत्रसामग्री कोणाच्या मालकीची वा कोणाकडून भाड्याने घेतलेली आहे, या पाच ठिकाणी बारकाईने पाहा. फर्मचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकल्यास तिचे कायदेशीर नाव आणि ती एकल मालकीची आहे की भागीदारीची, हे कळते. भागीदारी नोंदलेली असेल तर 1932 च्या भागीदारी अधिनियमाखाली निबंधकांकडील नोंद कोणीही पाहू शकतो.

वैयक्तिक माहितीचे कारण देऊन माहिती नाकारली जाण्याची शक्यता आहे, कारण माहिती अधिकार अधिनियमाचे कलम 8(1)(j) आता बदलून अधिक कडक झाले आहे. कलम 8(2) मधील व्यापक जनहिताचा आधार मात्र कायम आहे. तेव्हा अर्जात नगरसेवकांचे नाव घालू नका, नगरपरिषदेने खर्च केलेल्या पैशाचा हिशेब मागा. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करा.

पुरावा हाती आल्यावर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 44 नुसार सदस्याची जागा रिक्त झाली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, अर्ज कोणतीही व्यक्ती करू शकते आणि नगरसेवकांना म्हणणे मांडण्याची संधी मिळाल्यानंतरच निर्णय होतो. त्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाकडे अपील आहे. येथे तारीख महत्त्वाची आहे. ठेका नामनिर्देशनाच्या वेळीच चालू असता तर तो वाद मुख्यतः कलम 21 च्या निवडणूक याचिकेचा ठरला असता, आणि तिची मुदत निकाल प्रसिद्ध झाल्यापासून अवघी 10 दिवसांची असते. आपल्या माहितीप्रमाणे काम निवडणुकीनंतर दिले गेले आहे, म्हणून करारनाम्याची तारीख अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावी.

महाबळेश्वरच्या सहलीचा विषय या अर्जात मिसळू नका. त्याचा मार्ग वेगळा आहे. नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या दृष्टीने लोकसेवक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मान्य केले. ज्याचे काम आपल्यासमोर निर्णयासाठी आहे, त्याच्याकडून मोबदला न देता गैरलाभ घेणे हा त्या अधिनियमाच्या कलम 11 खाली अपराध आहे, आणि गैरलाभ रोख रकमेचाच असावा लागतो असे नाही. हॉटेलचे बिल कोणी भरले, हे आपल्याला माहिती अधिकारात कळणार नाही, कारण हॉटेल खासगी आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग ते तपासू शकतो. त्यांना सहलीच्या तारखा, गाडीचा क्रमांक, बरोबर कोण होते त्यांची नावे आणि निविदा मंजूर करणाऱ्या सभेच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत द्यावी. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे, तरीही तक्रार लेखी देऊन पोच घ्यावी.

धमकीबद्दल सांगायचे तर, भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीतून वगळली आहे. ग्रुपवरील संदेशाला ते संरक्षण मिळेलच असे नाही. तेथे विधान खरे होते आणि जनहितासाठी केले होते, हे आपल्यालाच सिद्ध करावे लागेल. म्हणून ग्रुपवर यापुढे काही लिहू नका, आधीचा संदेश स्क्रीनशॉटसह जपून ठेवा, आणि नोटीस आलीच तर रागाच्या भरात स्वतः उत्तर न पाठवता ती पाकिटासह वकिलांकडे न्या.