वाचकांचे प्रश्न : ठिणगी नेमकी कुठे अडली?

प्रश्न : माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी एक जुनी पिकअप गाडी आहे. इंजिन सहा सिलिंडरचे असून सीबी पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यात होणारी ठिणगी शमवणारा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) अशी तिची जुन्या पद्धतीची रचना आहे. काही दिवसांपूर्वी संध्याकाळी गाडी नीट चालवून उभी केली आणि सकाळी ती सुरूच झाली नाही. सेल्फ मारला की इंजिन जोमाने फिरते, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोलही येते, परंतु एकाही प्लगला ठिणगी मिळत नाही. मेकॅनिकच्या सल्ल्याने मी आधी प्लग, मग डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि शेवटी नवी कॉइल बसवली. तरीही फरक पडला नाही. आता पूर्ण डिस्ट्रिब्युटरच बदला, असे सांगितले जात आहे. तसे करावे का?

उत्तर : इतक्यात करू नये. आपण जे तीन भाग बदलले, त्यांपैकी एकही दोषी असल्याचे आधी कोणत्याही तपासणीने दाखवून दिलेले नव्हते, आणि डिस्ट्रिब्युटरच्या बाबतीतही तेच होऊ घातले आहे. वास्तविक आपल्या पत्रातच एक मोलाची खूण आहे : सहापैकी एकाही प्लगला ठिणगी नाही. सहा प्लग किंवा त्यांच्या सहा वायरी एकाच रात्रीत निकामी होत नाहीत. याचा अर्थ दोष सहाही सिलिंडरांना सामाईक असलेल्या भागात आहे, आणि तो भाग फार मोठा नाही.

या सामाईक भागाचे दोन परिपथ पडतात. पहिला कमी दाबाचा (दाब म्हणजे इथे व्होल्टेज) : बॅटरी, इग्निशन स्विच, अनेक गाड्यांत एक बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक), कॉइलमधील जाड तारेचे प्राथमिक वेटोळे, पॉइंट आणि शेवटी अर्थ, म्हणजे इंजिनचा व गाडीचा धातू. दुसरा उच्च दाबाचा : कॉइलमधील बारीक तारेचे दुय्यम वेटोळे, कॉइलपासून कॅपपर्यंतची मधली एचटी (उच्च दाबाची) वायर, कॅप आणि तिच्याखाली फिरून ठिणगी एकेका प्लगच्या वायरकडे नेणारा रोटर. पॉइंट मिटलेले असताना प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडले की ते क्षेत्र क्षणात कोसळते आणि हजारो वेढ्यांच्या दुय्यम वेटोळ्यात कित्येक हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली की पुढची सगळी तपासणी आपोआप उलगडत जाते.

दोन्ही परिपथ जिथे एकमेकांना भेटतात, ती जागा म्हणजे कॉइलचे पॉइंटकडे वायर जाणारे टोक. तपासणी तिथून सुरू करावी. त्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक लावावा, आणि कॅप काढून सेल्फ मारल्यावर रोटर फिरतो ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. रोटर फिरत नसेल तर दोष विजेचा नसून डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरचा, त्याच्या पिनचा किंवा टायमिंग चेनचा आहे. आणखी एक गोष्ट : बॅटरी सुस्थितीत असावी. सेल्फ फिरत असताना तिचा दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि तिच्या जोडण्यांकडे पाहावे.

आता १२ व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प घेऊन त्याचे एक टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला जोडावे, दुसरे कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला लावावे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. पॉइंट उघडतात तेव्हा दिवा लागतो आणि मिटतात तेव्हा विझतो. म्हणून रचना ठीक असेल तर दिवा लुकलुकला पाहिजे. मल्टिमीटर जवळ असला तरी या कामासाठी मी दिव्यालाच पसंती देतो, कारण मल्टिमीटर जवळजवळ प्रवाह ओढत नाही आणि त्यामुळे गंजलेल्या, जेमतेम टेकलेल्या जोडणीतूनही तो निर्धास्तपणे १२ व्होल्ट दाखवतो. दिव्याला पेटायला खराखुरा प्रवाह लागतो.

दिवा लुकलुकत असेल, तर पॉइंट आपले काम करीत आहेत आणि दोष बहुतेक करून उच्च दाबाच्या बाजूला आहे. अशा वेळी कॉइलची मधली वायर कॅपमधून काढून तिला स्पार्क टेस्टर (ठिणगी सुरक्षितपणे पाहण्याचे साधन, त्याचा वापर शेवटच्या उत्तरात दिला आहे) लावावा. तिथे जोरकस, निळसर पांढरी ठिणगी मिळाली, पण प्लगपर्यंत ती पोहोचत नसेल, तर कॅप किंवा रोटरखेरीज दुसरे काही उरत नाही. आपण कॅप बदलली, परंतु रोटर बदलल्याचे लिहिलेले नाही. रोटरच्या प्लास्टिकला आतून केसाएवढे छिद्र पडून ठिणगी खालच्या दांड्याकडे पळून जाते, आणि ते छिद्र वरून दिसत नाही. कॉइलच्याच वायरला ठिणगी नसेल किंवा ती बारीक आणि पिवळट असेल, तर ती वायर, कंडेन्सर आणि कॉइल यांच्याकडे वळावे.

दिवा सेल्फ फिरत असताना सतत पेटलेलाच राहिला, तर पॉइंट विजेच्या दृष्टीने मिटतच नाहीत. रात्रभर उभी राहिलेली आपली गाडी सकाळी अचानक बंद पडली, म्हणून माझा पहिला संशय इथे आहे. पॉइंटच्या तोंडावर ऑक्साइडचा किंवा तेलकटपणाचा एक पातळ थर जमतो, तोंडे एकमेकांना टेकलेली दिसतात आणि तरीही त्यांच्यातून प्रवाह जात नाही. खात्रीसाठी एक सोपा प्रयोग करावा. कॉइलची मधली वायर स्पार्क टेस्टरला जोडलेली ठेवून, स्विच चालू करून, पॉइंट उघडे असताना कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला एका वायरने क्षणभर अर्थ द्यावा आणि लगेच काढून घ्यावा. वायर काढताच टेस्टरला ठिणगी पडली, तर आपली नवी कॉइल उत्तम आहे आणि दोष डिस्ट्रिब्युटरच्या आत आहे. मग पॉइंट बारीक कानशीने हलकेच साफ करावेत. सँडपेपर वापरू नये, कारण त्याचे कण धातूत रुतून बसतात. त्यानंतर स्वच्छ कोरा कागद दोन्ही तोंडांमधून ओढून घ्यावा आणि फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) उघड्या पॉइंटमधला गॅप तपासावा. अनेक इंजिनांत तो ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, मात्र आपल्या इंजिनचा आकडा माहितीपुस्तिकेतून घ्यावा. गॅप नेहमी पॉइंटची टाच (डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरील कॅमला घासणारा भाग) कॅमच्या उंचवट्यावर असतानाच मोजावा. साफ करूनही दिवा पेटलेलाच राहिला, तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, पॉइंटच्या पत्र्याला अर्थ देणारी छोटी विणीची वायर पाहावी. व्हॅक्यूम अॅडव्हान्स (ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा) हा पत्रा सारखा हलवत असल्याने ती वायर वर्षानुवर्षांच्या हेलकाव्याने तुटते.

उलट दिवा लागलाच नाही, तर तो कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला नेऊन पाहावा. तिथेही अंधार असेल तर वीज येतच नाही. स्विच, फ्यूज असल्यास तो, आणि बॅलास्ट असा मागे मागे शोध घ्यावा. तिथे दिवा पेटत असेल, तर पॉइंटकडे जाणारी वायर कॉइलवरून सोडवून दिवा पुन्हा त्याच टोकाला लावावा. आता पेटला तर पुढे कुठेतरी कायमचा अर्थ होतो आहे : टाच झिजल्यामुळे पॉइंट उघडत नसतील, वायरचे आवरण घासून ती डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला टेकत असेल, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला असेल. वायर परत जोडून कंडेन्सर तेवढा बाजूला केल्यावर दिवा लुकलुकू लागला, तर गुन्हेगार सापडलाच. वायर सोडवूनही दिवा लागला नाही, तर कॉइलचे प्राथमिक वेटोळे तुटलेले आहे, मग ती कॉइल नवी का असेना.

नव्या कॉइलबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. बॅलास्टसह वापरायच्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध सुमारे १.५ ओहम आणि बॅलास्टशिवाय वापरायच्या कॉइलचा सुमारे ३ ओहम असतो. पहिल्या प्रकारची कॉइल बॅलास्ट नसलेल्या गाडीत बसवली, तर पॉइंट थोड्याच दिवसांत जळतात. आपल्याकडे कोणती जोडी जुळली आहे, ते या निमित्ताने मोजून घ्यावे.

प्रश्न : माझ्या पिकअपची तऱ्हा वेगळीच आहे. चावी सेल्फच्या जागी धरलेली असताना इंजिन सुरू होते, परंतु चावी सोडताक्षणी बंद पडते. मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडायचे म्हणत आहे.

उत्तर : कार्ब्युरेटरला हात लावू देऊ नये. बॅलास्ट असलेल्या गाडीत सेल्फ फिरत असताना बॅटरीचा दाब उतरतो, म्हणून तेवढ्या वेळापुरती कॉइलला बॅलास्ट टाळून थेट वीज दिलेली असते. चावी मागे आली की तीच वीज बॅलास्टमधून जाऊ लागते. सेल्फवर चालते आणि चावी सोडल्यावर बंद पडते, याचा सरळ अर्थ बॅलास्टचा मार्ग तुटला आहे किंवा स्विचमधील चालू स्थितीचा संपर्क गेला आहे. चावी चालू ठेवून बॅलास्टच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावून पाहावा. एका टोकाला वीज असून दुसऱ्या टोकाला अजिबात नसेल, तर बॅलास्ट बदलावा. दोन्ही टोके कोरडी असतील, तर स्विच आणि त्याची वायरिंग तपासावी. बॅलास्टला वळसा घालणारी वायर कायमची जोडून गाडी चालवण्याचा सल्ला काही जण देतात. गाडी धावते खरी, परंतु कॉइल तापते आणि पॉइंट किंवा (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक रचना असल्यास) कॉइलचा प्रवाह तोडणारे मॉड्यूल अकाली जाते.

प्रश्न : आमच्या पिकअपमध्ये पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत पिकअप कॉइल (ठिणगीच्या वेळेचा संकेत मॉड्यूलला देणारे छोटे वेटोळे) आहे. थंड असताना गाडी उत्तम चालते, तास-दीड तासाने अचानक बंद पडते, ठिणगी नाहीशी होते आणि अर्ध्या तासाने काहीच झाले नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की दोष दिसत नाही.

उत्तर : आपल्या अडचणीचे मर्म शेवटच्या वाक्यात आहे. उष्णतेने येणारा दोष हा दोष हजर असतानाच पकडावा लागतो. थंड झालेल्या गाडीवर केलेली मोजमापे खरी असली तरी निरुपयोगी ठरतात. म्हणून टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर आणि स्पार्क टेस्टर गाडीतच ठेवावेत आणि गाडी बंद पडल्यावर, ती रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून, लगेच तपासणी करावी.

आधी ठिणगी खरोखरच नाही ना, हे पाहावे, कारण तापलेल्या इंजिनात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला तरी गाडी अशीच वागते. ठिणगी नसेल आणि कॉइलला वीज येत असूनही तिच्या मॉड्यूलकडच्या टोकाला दिवा लुकलुकत नसेल, तर संशय मॉड्यूल आणि पिकअप कॉइल या दोघांवर येतो. पिकअप कॉइलची जोडणी मॉड्यूलपासून सुटी करून तिचा रोध मोजावा. तो रचनेनुसार काहीशे ओहमपासून दीड हजार ओहमपर्यंत असतो. नेमकी मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. मोजत असताना तिच्या वायरी हलकेच हलवाव्यात आणि व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पत्रा हाताने फिरवावा. आकडा मध्येच अनंतावर गेला, तर वायर आवरणाच्या आत तुटलेली आहे. नंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारावा. लहानसा, पण स्थिर एसी दाब दिसला पाहिजे. पिकअप कॉइलऐवजी हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा इलेक्ट्रॉनिक भाग) असलेल्या रचनेला मात्र ही दोन्ही मोजमापे लागू पडत नाहीत. तसेच या बारीक संकेतवाहक वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. त्याला लागणारा प्रवाह मॉड्यूलला झेपेलच असे नाही.

पिकअप कॉइल तापलेल्या अवस्थेतही निर्दोष निघाली, तर मॉड्यूलकडे यावे. मॉड्यूल आपली उष्णता ज्या धातूवर बसते त्याला देते, आणि अनेक रचनांत अर्थही तिथूनच घेते. ते पूर्वी कोणी बदलले असेल, तर त्याच्या पाठीला उष्णतावाहक ग्रीस लावले होते का, हे उघडून पाहावे. बैठक कोरडी असेल, तर आपला दोष बहुधा तिथेच आहे. हे ग्रीस नव्या मॉड्यूलसोबतच्या पुडीत मिळते आणि ती पुडी फार वेळा तशीच फेकली जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मॉड्यूल बदलताना बैठक स्वच्छ पुसावी, ग्रीसचा पातळ, सलग थर द्यावा आणि अर्थ घेणाऱ्या स्क्रूखालचा गंज खरवडून काढावा.

प्रश्न : प्लगची वायर काढून हातात धरायची आणि इंजिनजवळ नेऊन ठिणगी पाहायची, ही पद्धत मी लहानपणापासून पाहत आलो. ती चुकीची आहे का?

उत्तर : होय, आणि ती सोडून द्यावी. पॉइंटच्या जुन्या रचनेत बसणारा झटका जोराचा असतोच, परंतु नंतरच्या इलेक्ट्रॉनिक रचनांतील कॉइल ३० हजार व्होल्टच्याही पुढे जाऊ शकते. झटक्याने हात मागे खेचला जाऊन फिरत्या पंख्यात किंवा पट्ट्यात सापडतो, आणि अशा अपघातातील मोठी इजा अनेकदा विजेपेक्षा त्या हिसक्यानेच होते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांनी इग्निशन यंत्रणेचे काम स्वतः मुळीच करू नये.

यंत्रणेलाही यातून धोका आहे. वायर लांब धरली आणि ठिणगीला इंजिनपर्यंत उडी मारता आली नाही, तर तो दाब कॉइलच्या आतल्या आवरणातून, कॅपवरून किंवा मॉड्यूलमधून वाट काढतो. एकदा अशी वाट पडली की तिथे कार्बनची रेघ उमटते आणि पुढची प्रत्येक ठिणगी तिकडेच ओढली जाते. म्हणजे तपासणीच नवा दोष निर्माण करते.

स्पार्क टेस्टर ही साधी आणि स्वस्त वस्तू आहे : तिचे चिमट्याचे टोक इंजिनच्या धातूला घट्ट लावायचे, वायर दुसऱ्या टोकाला जोडायची आणि हात दूर ठेवायचे. तिचा गॅप प्लगपेक्षा बराच मोठा असतो, आणि ते मुद्दाम तसे आहे. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पाडायला मोकळ्या हवेपेक्षा पुष्कळ जास्त दाब लागतो, त्यामुळे बाहेर काढून इंजिनवर टेकवलेल्या प्लगला दिसणारी किरकोळ ठिणगी आत पडेलच, याचा भरवसा नसतो. तपासणीच्या वेळी प्लगचे भोक उघडे असेल, तर त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. म्हणून टेस्टर त्या भोकापासून आणि कार्ब्युरेटरपासून लांब लावावा.