अणुकचऱ्याच्या संज्ञा पाठ करू नका

त्यापेक्षा फिनलंडच्या ओंकालोचा, म्हणजे जमिनीखाली खोल बांधलेल्या अणुकचऱ्याच्या कोठाराचा, उभा छेद समोर ठेवा आणि पाणी आत कुठून शिरेल ते शोधा. ४०० ते ४३० मीटर खोल नाइस (gneiss) नावाचा कठीण खडक. त्यातल्या भेगा हीच पाण्याची वाट. पुढे बेंटोनाइट ही चिकणमाती. त्याची चिमूटभर भुकटी पाण्यात टाकून बघाच, कशी फुगते ते! फटी ती अशीच बुजवते. मग तांब्याचा डबा आणि त्यात अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन.

सच्छिद्रता (पोकळ्या किती) आणि पारगम्यता (पाणी किती सहज सरकतं) यांत गल्लत नको: चिकणमातीत पोकळ्या भरपूर, पण पाणी जेमतेम सरकतं. अर्धायुष्यही, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला लागणारा काळ, नीट बघा. सीझियम-१३७चं ३० वर्षं, प्लुटोनियम-२३९चं २४ हजारांवर.

आपल्या तारापूरला मात्र पुनर्प्रक्रियेनंतर, म्हणजे वापरलेल्या इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढल्यावर, उरलेला कचरा बोरोसिलिकेट काचेत बंदिस्त करतात. तिथे ‘कचरा’ म्हणजे अख्खं इंधन नव्हे.